चरनोई, बीड आणि गाजरगवत : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात चराऊ जमिनींविषयी, म्हणजे चरनोई (गावाची सामाईक चराऊ जमीन) आणि बीड (गवतासाठी राखलेले कुरण) यांविषयी, प्रश्न पाठवावेत, असे वाचकांना कळवले होते. इंदूर, महू, सांवेर आणि मानपूर या भागांतून पत्रे आली आणि त्यांतील बहुतेक गाजरगवतासंबंधी आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत. आर्द्रा नक्षत्र लागण्याच्या सुमारास हा अंक हाती पडेल, त्यामुळे यांतील काही कामे याच पंधरवड्यात करावयाची आहेत, हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : सिमरोल रस्त्यालगतच्या एका गावात आम्ही काही मंडळी मिळून लहानशी गोशाळा चालवतो. पंचायतीने देखभालीसाठी दिलेली सुमारे नऊ एकर चरनोई आज गाजरगवताने भरून गेली आहे. गेल्या दोन उन्हाळ्यांत ती ट्रॅक्टरने नांगरून घेतली, एकदा जेसीबी लावून वरचा थरही काढला. परंतु पाऊस पडताच तण पूर्वीपेक्षा दाट उगवले. गायींचे दूध कडवट लागते, अशीही तक्रार येऊ लागली आहे. आता काय करावे? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : आपण नांगर चालवलात म्हणूनच तण दाट झाले. हे इतक्या ठामपणे सांगतो, याचे कारण हीच चूक मी स्वतः करून बसलो आहे. काही वर्षांपूर्वी देपालपूरकडील एका स्नेह्यांच्या बिडात माझ्याच सल्ल्यावरून एप्रिलमध्ये खोल नांगरट झाली. ऑगस्टमध्ये तेथे गेलो तेव्हा कमरेइतके गाजरगवत पांढऱ्या फुलांनी डवरले होते, आणि चहाचा कप पुढे करताना स्नेह्यांच्या आई एवढेच म्हणाल्या, "भाऊ, तुमचं पीक यंदा छान आलंय."

गाजरगवताचे एक चांगले वाढलेले झाड १० ते २५ हजार बिया टाकते. या बिया तिळापेक्षाही लहान आणि हलक्या असतात. त्यांतील ज्या मातीच्या पृष्ठभागावर पडून राहतात त्या ऊन, पाऊस आणि मुंग्या यांमुळे काही महिन्यांतच बहुतांशी संपतात, परंतु ज्या दोन-तीन इंच खाली गाडल्या जातात त्या वर्षानुवर्षे उगवण्याजोग्या राहतात. नांगराचा फाळ यंदाचे बी खाली सुरक्षित ठेवतो आणि मागील काही वर्षांचे साठलेले बी वर आणून देतो. शिवाय कुरणात मारवेल, पवना यांसारखे जे थोडेबहुत चाऱ्याचे गवत शिल्लक असते त्याचे ठोंब उलथून टाकतो, म्हणजे गाजरगवताला स्पर्धा करणारे जे काही होते तेही जाते. जेसीबीने तर सुपीक थरच काढून नेला. उघडी, तुडवलेली, सावली नसलेली जमीन हेच या तणाचे माहेर आहे. घट्ट वाढलेल्या गवतात त्याचे रोप उगवले तरी सावलीत लुकडे राहते, हे आपण एखाद्या राखलेल्या बिडाच्या बांधावर उभे राहून पाहू शकता : बांधाच्या चराईकडील बाजूस गाजरगवत असते आणि राखलेल्या बाजूस कुसळी व पवना असतो, माती मात्र दोन्हीकडे एकच असते.

म्हणून यंदा नऊच्या नऊ एकर साफ करण्याचा संकल्प सोडून द्यावा. चरनोईचे तीन भाग कल्पावेत आणि काम सर्वांत वाईट भागापासून सुरू न करता, जेथे अजून गवत टिकून आहे त्या भागापासून करावे. हे ऐकायला उलटे वाटते, मनुष्याचा स्वभाव जेथे घाण अधिक तेथे आधी हात घालण्याचा असतो. पण गवत असलेल्या भागात दहा मजुरांचे दोन दिवसांचे काम जे साधते, ते उजाड भागात महिनाभर राबूनही साधत नाही, कारण तेथे उपटलेल्या प्रत्येक रोपाची जागा घ्यायला दुसरे गाजरगवतच तयार असते.

उपटण्याची वेळ महत्त्वाची आहे. रोप कोवळे असताना त्याची पाने जमिनीला चिकटून चक्रासारखी पसरलेली असतात, गाजराच्या पानांसारखी कातरलेली आणि बारीक लव असलेली. या अवस्थेत चांगला पाऊस होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी रोप बुडाशी धरून सरळ वर ओढले तर सोटमूळ अख्खे येते. माती वाळली की तेच रोप गळ्याशी तुटते आणि राहिलेल्या बुंध्यातून आठवड्याभरात चार फांद्या फुटतात. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुले येतात आणि रोपे एकाच वेळी उगवत नाहीत, त्यामुळे जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर अशा किमान तीन फेऱ्या धरून ठेवाव्यात. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि नाकावर रुमाल हवाच; ज्यांना पूर्वी या तणाने अंगावर पुरळ उठले असेल किंवा दम्याचा त्रास असेल, त्यांनी या कामाकडे फिरकू नये. एकदा ॲलर्जी जडली की ती दरवर्षी वाढत जाते.

पहिल्या भागात पावसाच्या आरंभापासून सहा ते आठ आठवडे एकही जनावर जाऊ देऊ नये. याच दिवसांत गोशाळेतील भुसा संपत आलेला असतो आणि गुराख्याला हिरवे दिसले की राहवत नाही, हे मी जाणतो. म्हणूनच संपूर्ण चरनोई बंद करण्याऐवजी तिसरा हिस्सा बंद करा असे म्हणतो. जुलैमध्ये गवताचे टोक दोन-तीन वेळा खुडले गेले की मुळांत साठा होत नाही आणि पुढील वर्षी तो ठोंब उठतच नाही. ऑगस्ट संपताना गवत गुडघ्याला लागले की कापून न्यावे किंवा मोजकी जनावरे सोडावीत, आणि चार बोटे बुंधा राहील असे पाहावे. पुढील वर्षी दुसरा भाग बंद करावा. जेथे मोठ्या मोकळ्या जागा आहेत तेथे मारवेलीचे मुळांसकट ठोंब दीड-दोन फुटांवर याच पंधरवड्यात लावावेत. पवन्याचे बी हलके व केसाळ असल्याने वाऱ्याने उडते, ते ओल्या मातीत आणि शेणात मिसळून गोळ्या करून टाकावे. परंतु गेल्या दिवाळीच्या सुमारास गोळा केलेलेच बी वापरावे, कारण ताजे बी काही महिने नीट उगवत नाही. झाशी येथे १९६२ पासून भारतीय चरागाह आणि चारा संशोधन संस्था आहे, तेथे अशा गवतांच्या सुधारित जातींची माहिती मिळते.

दुधाच्या कडवटपणाविषयी : गाजरगवतातील पार्थेनिन हे द्रव्य त्याला कारण होऊ शकते. जनावर एरवी या तणाला तोंड लावत नाही. ते खात असेल तर त्याला दुसरे काही मिळत नाही, असाच अर्थ होतो. चार-पाच दिवस त्या गायींना गोठ्यात बांधून स्वच्छ चारा द्यावा. तरीही चव सुधारली नाही तर कासेचा दाह आहे का, हे पशुवैद्याकडून तपासून घ्यावे. पोटात सतत मोठ्या प्रमाणात हे तण गेल्यास तोंडात व्रण पडतात, कातडी सोलते आणि जनावर दगावूही शकते.

शेवटची गोष्ट अशी की, बी येते कोठून हे शोधावे. बाहेरून आणलेला मुरूम, विकतचा भुसा, रस्त्यावरून येणारा नाला आणि एका शेतातून दुसऱ्या शेतात जाणाऱ्या यंत्रांची चाके या चार वाटांवर नजर ठेवली तरी बराच फरक पडतो. चरनोई ही महसूल दप्तरी निस्तारासाठी, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक गरजांसाठी, राखलेली जमीन असल्याने कुंपण, चराईबंदी किंवा लागवड यांपैकी काहीही करण्यापूर्वी ग्रामसभेचा ठराव लेखी घ्यावा. गावातील इतर गुरे असलेल्यांना विचारल्याशिवाय घातलेले कुंपण पहिल्याच अमावास्येला नाहीसे होते.

प्रश्न : गाजरगवत खाणारा भुंगा मिळतो असे ऐकले. तो सोयाबीनही खाईल का? आणि त्याच्यावर अवलंबून राहता येईल का? (सांवेर)

उत्तर : हा मेक्सिकन भुंगा, शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा. मेक्सिकोतून तो १९८३ मध्ये बेंगळुरूला आणला गेला आणि पुढे देशभर सोडण्यात आला. ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा, फिकट पांढरट पाठीवर काळपट नागमोडी रेघा, असा तो दिसतो. मोठा भुंगा आणि त्याची पिवळसर अळी दोन्ही गाजरगवताची पाने व शेंडे खातात, आणि शेंडा खाल्ला गेला की फूल धरत नाही. सोयाबीन हे त्याचे खाद्य नाही. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाकडून हे भुंगे मिळवता येतात. संचालनालयाचा गाजरगवत जागृती सप्ताह दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात असतो. आपल्याकडे हे भुंगे आधीपासूनच असण्याची शक्यता आहे, तेव्हा मागवण्यापूर्वी जुलैच्या मध्यावर एखाद्या ओल्या सकाळी रस्त्याकडेच्या झाडांची पाने उलटून पाहावीत. सापडले तर शे-दोनशे भुंगे भोके पाडलेल्या डब्यात पाल्यासह गोळा करून आपल्या जमिनीत सोडता येतात.

अवलंबून मात्र राहू नये. पावसाळा सरला की हा भुंगा जमिनीत शिरून निद्रिस्त होतो, आणि गाजरगवत तर ओल मिळाल्यास हिवाळ्यातही उगवते. वरच्या प्रश्नातील तीन भागांपैकी ज्या उजाड भागाला यंदा हात लावायचा नाही, तेथे भुंगे सोडावेत. जेथे माणसे तण उपटत आहेत तेथे त्यांना सोडणे म्हणजे पाहुण्यांना बोलावून ताट उचलून नेण्यासारखे आहे.

प्रश्न : उपटलेले गाजरगवत जाळावे की खत करावे? खत केल्यास शेतात तण पसरेल, अशी भीती वाटते. (देवास नाका, इंदूर)

उत्तर : फुलण्यापूर्वी उपटलेल्या हिरव्या तणाचे खत अवश्य करावे, फुले आलेले तण खतात घालू नये, कारण उपटल्यानंतरही झाडाच्या ओलाव्यावर काही बिया पक्व होतात. असे तण वेगळ्या खोल खड्ड्यात टाकून वर दोन फूट माती द्यावी आणि ती जागा पुन्हा उकरू नये.

खताच्या बाबतीत इंदूरकराने दुसऱ्या गावाकडे पाहण्याचे कारण नाही. सर अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात येथील वनस्पती उद्योग संस्थेत होते, आणि आजचे कृषी महाविद्यालय ज्या आवारात आहे तेथेच त्यांनी मांडलेली खतपद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. तिचे मर्म साधे आहे : दोन-तीन फूट खोल खड्ड्यात पालापाचोळा व तण यांचे थर, त्यांवर शेणकाला, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि थोडी राख, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका, आणि साधारण दोन आठवड्यांनी, एका महिन्याने व दोन महिन्यांनी अशी तीनदा पालट. तीन महिन्यांत खत तयार होते. तणाच्या दृष्टीने ही पालटच महत्त्वाची आहे. खड्ड्याच्या पोटात उष्णता ६० अंशांच्या आसपास चढते आणि बी मरते, परंतु कडेला व वरच्या थरात ती तशी चढत नाही. म्हणून पालटताना बाहेरचे आत आणि आतले बाहेर जाईल हे पाहावे. मजूर घाईत असला की नुसते वरचे खाली करतो. निदान पहिल्या पालटीला स्वतः उभे राहावे.

प्रश्न : मिठाचे पाणी मारल्याने गाजरगवत जळते, हे आम्ही करून पाहिले आहे. चरनोईत तेच करावे का? की तणनाशक बरे? (हातोद)

उत्तर : जळते, यात शंका नाही. १०० लिटर पाण्यात १५ ते २० किलो मीठ असे द्रावण मारले की पाने दोन दिवसांत करपतात. रस्त्याच्या कडेला किंवा फरसबंदीच्या फटींत ते ठीक आहे. माळव्याच्या काळ्या मातीत मात्र करू नये. या मातीतील चिकण कणांना मिठातील सोडियम धरून बसतो, कण एकमेकांपासून सुटतात, पावसात मातीची पेज होते आणि वाळल्यावर सिमेंटसारखा थर धरतो, ज्यातून ना पाणी मुरते ना गवताचे बी वर येते. तण गेले आणि जमीनही गेली, असा तो सौदा होतो.

तणनाशकांत ग्लायफोसेट हे गवतासकट सर्व हिरवे मारते, म्हणून कुरणात ते निरुपयोगी आहे. शिवाय ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करण्यात आला. टू-फोर-डी हे रुंद पानांच्या तणांना मारून गवत बहुतांशी सोडते, त्यामुळे सल्ला देणारे त्याचेच नाव घेतात. परंतु सोयाबीनही रुंद पानांचे आहे, आणि आपल्याकडे चरनोईला लागून सोयाबीन नाही असे गाव दाखवणे अवघड. वाऱ्यावर उडालेले बारीक तुषार शेजारच्या शेतावर गेले तरी सोयाबीनचे शेंडे पिळवटतात आणि पाने द्रोणासारखी वळतात. त्यानंतरचे भांडण तणापेक्षा महाग पडते. फवारायचेच असेल तर पेरणीपूर्वी उगवलेल्या कोवळ्या रोपांवर, वारा पडलेल्या सकाळी, पंप जमिनीलगत धरून, नुसत्या ठिकठिकाणच्या पुंजक्यांवर मारावे. मात्रा आणि त्यानंतर जनावरांना किती दिवस दूर ठेवायचे, हे डब्यासोबतच्या पत्रकात असते. ते दिवस कसोशीने पाळावेत, कारण फवारणीने कोमेजलेल्या ज्या तणाला जनावर एरवी हुंगतही नाही, त्याला ते अशा वेळी तोंड लावते.

प्रश्न : गाजरगवतावर तरोटा पेरावा, असे एका प्रशिक्षणात सांगितले. (बेटमा)

उत्तर : रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात किंवा पडीक प्लॉटवर अवश्य पेरावा. तरोटा, म्हणजेच टाकळा किंवा येथील पुवाड, पहिल्या पावसात झपाट्याने उगवून गाजरगवताला झाकून टाकतो. कुरणात मात्र पेरू नये. गुरे त्यालाही तोंड लावत नाहीत, तेव्हा एक न खाण्याजोगे झाड काढून दुसरे लावल्यासारखे होते. चरनोईत तो आपोआप आला असेल तर ऑगस्टमध्ये फुलण्याच्या सुमारास विळ्याने कापावा. त्याआधी कोवळ्या पाल्याची भाजी होते, आणि लसणाची फोडणी दिलेली ती भाजी आमच्या घरी श्रावणात आवर्जून होते.

प्रश्न : तलावाच्या काठच्या चराईत बेशरम माजली आहे. शेळ्या ती खातात. चालेल का? (महू)

उत्तर : चालणार नाही. बेशरमीचा पाला सतत खाणाऱ्या शेळीच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो, मागचे पाय लटपटतात, आणि एकदा चटक लागली की ती चांगला चारा सोडून तिकडेच धावते. पाणी आटल्यावर मेमध्ये मुळांसकट काढावी आणि कोरड्या, उंच जागी पसरून पूर्ण वाळवावी. ओल्या काठावर पडलेले वीतभर खोडही मूळ धरते.

प्रश्न : मानपूरजवळ डोंगरउतारावर आमची वडिलोपार्जित बारा बिघे चराऊ जमीन आहे. निम्म्या भागावर घाणेरी आहे. मागील महिन्यात नवी आणलेली पांढरी गाय तीन दिवस चरून आली आणि तिच्या नाकपुड्या लाल झाल्या, पाठीची कातडी सुटू लागली, ती उजेडात उभी राहीना. कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी म्हणाले साप चावला. घाणेरी जाळून टाकावी का? (एक वाचक भगिनी, नारायण बाग, इंदूर)

उत्तर : आपण लिहिलेली लक्षणे घाणेरीच्या विषबाधेशी तंतोतंत जुळतात. स्थानिक गुरे ती टाळतात. बाहेरून आणलेले किंवा भुकेले जनावर मात्र खाते. पानांतील लँटाडीन हे विष यकृताला इजा करते. हिरव्या चाऱ्यातील हरितद्रव्य पचताना जे एक द्रव्य तयार होते, ते निरोगी जनावरात यकृताकडून पित्तावाटे बाहेर टाकले जाते. यकृत बिघडले की ते रक्तात साठते आणि त्वचेपर्यंत पोहोचते, आणि मग साधे ऊनही त्वचेला भाजून काढते. पांढऱ्या कातडीवर हे अधिक दिसते, काळ्या गायीला झाले असते तर कदाचित आपल्याला उशिरा कळले असते. अशा जनावराला ताबडतोब अंधाऱ्या गोठ्यात बांधावे, हिरवा चारा थांबवून सुका द्यावा, पाणी मुबलक ठेवावे आणि त्याच दिवशी पशुवैद्याला बोलावावे. पोटात राहिलेल्या पाल्यातून विष पुढेही अनेक दिवस रक्तात उतरत राहते, म्हणून वैद्य पोटातून कोळशाची भुकटी वगैरे देतात. घरगुती लेपाने हे भागत नाही. महू येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मानपूरहून ते दूर नाही.

जाळू नये. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणून कोलकात्यात आणलेली ही झुडपे जाळण्याने मरत नाहीत. बुंध्यातून पुन्हा फुटतात, आणि आगीत जळून जाते ते भोवतालचे गवत व लहान झाडे. नुसते वरून तोडणेही निष्फळ, कारण एका खोडाच्या जागी दहा येतात. फळे धरण्यापूर्वी, पावसाने जमीन मऊ झालेली असताना, टिकावाने बुंध्याभोवतीची माती सारून मुख्य मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटांवर तोडावे. झुडूप नव्याने फुटते ते खोड आणि मूळ यांच्या सांध्यातून, तो सांधा मुळापासून सुटला की खाली उरलेले मूळ सहसा फुटत नाही. काढलेले झुडूप बुडखा आकाशाकडे करून उलटे टाकावे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. उतारावर एकाच वेळी सर्व काढू नये; आडवे पट्टे पाडून एक पट्टा काढावा, एक ठेवावा, आणि मोकळ्या पट्ट्यात गवत बसल्यावरच पुढचा धरावा, नाही तर पहिल्याच धो धो पावसात माती खालच्या नाल्यात जाईल.

त्यानंतर दोन-तीन पावसाळे एक फेरी चुकवू नये. घाणेरीची काळी-जांभळी फळे बुलबुल आणि साळुंक्या खातात आणि झाडावर बसून बी खाली टाकतात, तेव्हा नवी रोपे माळभर शोधत फिरण्याऐवजी आपल्या जमिनीतील मोठ्या पळसाखाली आणि बोरीखाली आधी पाहावे. रोप वीतभर असताना पान चुरडून वास घेतला की शंका उरत नाही, आणि ते दोन बोटांनी निघते.